'उडून गेलं' म्हणण्याआधी

बडोद्यात दिवाळीची सुटी लाभपाचमीला संपते. त्या सकाळी मकरपुऱ्यातल्या एका छोट्या चाचणी प्रयोगशाळेचं कुलूप निघालं, तेव्हा मी तिथे कामाला होते. द्रवाच्या प्रवाहात नमुन्यातले घटक वेगळे करणारं एचपीएलसीचं यंत्र आठ दिवस बंद होतं. पंप थांबवलेला, कॉलम काढून टोकं बंद केलेली, सगळं रीतसर. वरच्या ट्रेमधल्या बफरच्या बाटलीवर मी निघताना मार्करने रेघ मारून ठेवली होती. पाणी रेघेच्या जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर खाली गेलेलं. टेबल कोरडं, गळतीचा ट्रे कोरडा, वेस्टचा कॅन जिथे होता तिथेच. लॉगबुकात मी लिहिलं, "बाष्पीभवनामुळे घट", आणि सही केली.

फरशी पुसायला आलेले काका यंत्रापाशी थांबले. शेजारच्या अ‍ॅसिटोनायट्राइलच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाले, "बेन, आ तो वध्युं छे, घट्युं नथी." ही तर वाढलीय. त्या बाटलीवर रेघ नव्हती, पण काका रोज तो ट्रे पुसायचे आणि कुठली बाटली कुठवर भरलेली असते ते त्यांच्या नजरेत बसलेलं होतं. मी बाटली उजेडात धरली. तळाशी, गाळणीच्या दगडाभोवती, पांढरट धुकं साचलं होतं. फॉस्फेटचं मीठ होतं ते. बफर हवेत गेलंच नव्हतं, ते शेजारणीच्या घरात जाऊन बसलं होतं.

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. बंद यंत्रातून द्रावक कमी होतं, म्हणजे नेमकं कुठे जातं? औषधं, रंग, कीटकनाशकं, दूध, पाणी, सगळं तपासणाऱ्या या शहरात ही तक्रार कानावर येत नाही असा महिना जात नाही. आसपासच्या नंदेसरी, पादरा, करखडी, हालोल, कुठेही विचारा. आणि उत्तरही ठरलेलंच: उडून गेलं. या लेखात त्याच उत्तराची झडती घ्यायची आहे. बाष्पीभवन होत नाही असं माझं म्हणणं नाही. पण हिशेब न करता ते लिहिणं म्हणजे तपास सुरू व्हायच्या आधीच बंद करणं आहे.

वाफेशी या शहराचं नातं जुनं आहे. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या राज्यात कलाभवन निघालं. तिथले प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, आपले मराठी प्राध्यापक कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ मध्ये जो औषधांचा कारखाना काढला त्याचं नाव अलेंबिक. अलेंबिक म्हणजे अर्क काढायचा भबका. भबक्यात द्रव वाफ होऊन वर जातो, पण नळीतून थंड होऊन दुसऱ्या भांड्यात परत येतो आणि कारागीर दोन्ही भांडी मोजतो. इकडे किती उतरलं आणि तिकडे किती जमलं हे जुळलं नाही, तर सांधा कुठेतरी सैल आहे हे त्याला कळतं. द्रावकाच्या तपासात मला एवढीच कारागिरी हवी आहे.

आधी हवेचा वाटा किती, ते मोजू. २५ अंशांना मिथेनॉलच्या वाफेने पूर्ण भरलेल्या एक लिटर हवेत मिथेनॉल असतं सुमारे ०.२२ ग्रॅम. अ‍ॅसिटोनायट्राइल ०.२ ग्रॅमच्या आसपास. पाणी फक्त ०.०२३ ग्रॅम. अर्धी रिकामी लिटरची बाटली घेतली तर तिच्या पोकळीतली सगळी वाफ एका झटक्यात बाहेर काढली तरी ग्रॅमचा दहावा भागच जातो. झाकणातल्या भोकातून वाफ झिरपते ती याहूनही संथ. दोन मिलिमीटर रुंद आणि सेंटिमीटरभर लांब अशा एका रिकाम्या भोकातून दिवसाकाठी मिथेनॉल जेमतेम ०.१ ग्रॅम निसटतं. झाकण मुळात नसेलच, तर तीन सेंटिमीटरच्या उघड्या तोंडातून दिवसाला चार-पाच मिलिलिटर जाऊ शकतात, आणि एसीचा झोत थेट बाटलीवर असेल तर आणखी. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळून काम भागवतात. ते या दोन टोकांच्या मधे कुठेतरी पडतं, फॉइल किती फाटली आहे त्यावर.

म्हणजे नीट झाकण असलेल्या बाटलीतून आठ दिवसांत एक मिलिलिटरसुद्धा जायला नको. माझ्या बाटलीतून गेले होते सुमारे १२० मिलिलिटर. आणि दुसरी खूण तर डोळ्यांसमोरच होती. पाण्याची वाफ अ‍ॅसिटोनायट्राइलच्या वाफेच्या आठव्या हिश्श्याएवढी विरळ. बाष्पीभवनच असतं तर आधी अ‍ॅसिटोनायट्राइल घटलं असतं. पाण्याची बाटली उतरली आणि तिच्या शेजारची, चटकन उडणारी, जागेवर राहिली, तर हवेला दोष देता येत नाही. हे मला सही करण्याआधी सुचायला हवं होतं.

उलट बाजूही सांगते. काही वेळा घट झालेलीच नसते, नुसती दिसते. लिटरच्या नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीत पातळी एक मिलिमीटर उतरली की सुमारे सात मिलिलिटर कमी झाले असं समजा. मार्करची रेघच मिलिमीटरभर जाड असते. त्यात उन्हाळा. बडोद्याच्या मे महिन्यात एसी बंद असेल तर खोली सहज ३५ अंशांवर जाते. मिथेनॉल अंशागणिक हजारात सव्वा भाग फुगतं. सोमवारी एसी लावून खोली २३ वर आणली की लिटरमागे १४-१५ मिलिलिटर, म्हणजे रेघेखाली दोन मिलिमीटर, काहीही न गळता "गायब" होतात. शनिवारी दुपारी गरम खोलीत रेघ मारली आणि सोमवारी गार खोलीत पाहिली, की तक्रार तयार. तसंच ५०० मिलिलिटर मिथेनॉल आणि ५०० मिलिलिटर पाणी एकत्र केलं तर लिटर होत नाही, सुमारे ३५ मिलिलिटर कमीच भरतं. नवा मुलगा मोजून ओततो, बाटलीवरच्या खुणेशी ताडून पाहतो आणि घाबरतो. त्याला रागावू नये, वजनकाट्याकडे न्यावं.

आता "बंद" या शब्दाकडे वळू. माझ्या पाहण्यात निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटल्या आहेत. यंत्र बंद होतं म्हणजे काय होतं? पंपाचा प्रवाह शून्य होता, की कॉलम ओला राहावा म्हणून मिनिटाला ०.१ मिलिलिटरवर सोडला होता? ०.१ हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण दिवसाला त्याचे १४४ मिलिलिटर होतात. शुक्रवारी संध्याकाळी सहाला सोडलेला पंप सोमवारी सकाळी आठपर्यंत ३७२ मिलिलिटर पिऊन बसतो. रांगेतला शेवटचा नमुना संपल्यावर पंप थांबवणारी पद्धत जोडायची राहून गेली, म्हणून रात्रभर पूर्ण वेगाने वाहत राहिलेली यंत्रंही मी पाहिली आहेत. काही यंत्रं सकाळी ठरल्या वेळी आपोआप जागी होतात आणि नळ्या धुऊन घेतात. याचा सगळा माग संगणकातल्या ऑडिट ट्रेलमध्ये असतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी तो वाचावा. तिथे शून्य लिहिलेलं असेल तरच पुढे जावं.

पुढचा संशयित गुरुत्वाकर्षण. द्रावकाच्या बाटल्या यंत्राच्या डोक्यावर ठेवायची पद्धत आहे, आणि तिला कारण आहे: पंपाला वरून थोडा दाब मिळाला की तो हवा ओढत नाही. पण हा दाब पंप थांबल्यावरही लागलेलाच असतो. अनेकांची समजूत असते की पंपातले चेक व्हॉल्व प्रवाह अडवतात. ते उलटा प्रवाह अडवतात. सुलट दिशेला, बाटलीकडून कॉलमकडे, ते उघडण्यासाठीच बनवलेले असतात. कॉलम जोडलेला असेल तर फारसं बिघडत नाही. मिनिटाला एक मिलिलिटरला १५० बार दाब घेणाऱ्या कॉलममधून ४० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीने दिवसाला अर्धा मिलिलिटरही जात नाही. पण नळ्या भरून झाल्यावर पर्ज व्हॉल्वची, म्हणजे द्रव थेट वेस्टला सोडणाऱ्या झडपेची, घुंडी आवळायची राहिली तर मधे अडथळाच उरत नाही. बाटली छातीच्या उंचीवर, वेस्टची नळी जमिनीवरच्या कॅनमध्ये, दीड मीटरचा उतार. मग बाटली रात्रीत रिकामी झाली तर नवल नाही. हे द्रावक हरवत नाही, कॅनमध्ये सापडतं. अट एकच, कॅनचं वजन कुणीतरी घेतलेलं असायला हवं. आपल्याकडे कॅन भरला की ओततात, पण तो किती भरला होता हे कुणी लिहीत नाही.

माझ्या प्रकरणात गुरुत्वाकर्षणाने वेगळीच वाट धरली होती. एकाच पंपाला चार बाटल्या जोडणाऱ्या यंत्रांत पंपाच्या आधी एक छोटा ठोकळा असतो. त्यात चार झडपा. वीज मिळाली की झडप उघडते, नसली की मिटते. कुठल्या बाटलीतून किती घ्यायचं ते या झडपा ठरवतात. बफरचं मीठ झडपेच्या बैठकीवर साचलं की ती पूर्ण मिटत नाही. अशा दोन झडपा एकाच वेळी किंचित उघड्या राहिल्या की दोन बाटल्या नळीने एकमेकींना जोडल्या जातात. शाळेत शिकलेली जोडभांडीच ती. फरक इतकाच की दोन द्रवांची घनता सारखी नाही. पाणी जड, अ‍ॅसिटोनायट्राइल ०.७८. झडपांचा ठोकळा ट्रेच्या ३० सेंटिमीटर खाली आहे असं धरू. बफर ट्रेपासून साडेबारा सेंटिमीटर वर, अ‍ॅसिटोनायट्राइल पावणेदहा. ठोकळ्यापाशी बफरचा दाब साडेबेचाळीस सेंटिमीटर पाण्याएवढा, अ‍ॅसिटोनायट्राइलचा जेमतेम ३१. पाणी जिंकतं आणि उलट्या वाटेने अ‍ॅसिटोनायट्राइलच्या बाटलीत चढतं. दोन्ही पातळ्या अगदी सारख्या असल्या तरी पाणीच जिंकतं. म्हणून या दोषात बहुतेक वेळा बफर घटतं आणि सेंद्रिय द्रावक वाढतं. वाढलेल्या बाटलीकडे तक्रार म्हणून कुणी पाहत नाही. कुणीतरी भरली असेल असं वाटतं.

सगळ्यांत घातक प्रकार मला हाच वाटतो, कारण यात हरवलेल्या द्रावकापेक्षा सापडलेलं द्रावक जास्त नुकसान करतं. ५० मिलिमोलर फॉस्फेट अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये गेलं की मीठ खाली बसतं, गाळणी तुंबते, झडपेच्या बैठकीवर आणखी थर चढतो. आणि बाटलीवरचं लेबल खोटं ठरतं. शंभर टक्के लिहिलंय, आत जेमतेम पंच्याऐंशी टक्के. साधारण अनुभव असा की मोबाईल फेजमधला, म्हणजे वाहत्या द्रावणातला, सेंद्रिय भाग दहा टक्क्यांनी बदलला की घटकाचा धरून राहण्याचा काळ दुप्पट-तिप्पट बदलतो. एका टक्क्याच्या फरकानेही तो दहा टक्क्यांच्या घरात सरकतो. मग शिखर सरकलं म्हणून कॉलम बदलला जातो, नमुन्यावर शंका घेतली जाते, अ‍ॅनालिस्टला जाब विचारला जातो. बाटली कुणी पाहत नाही. काही उत्पादक आपल्या पुस्तिकेत सांगतात की बफर ठोकळ्याच्या खालच्या तोंडांना जोडा आणि सेंद्रिय द्रावक वरच्या, म्हणजे सुटलेलं मीठ दुसऱ्या झडपेवर पडणार नाही. ही ओळ पुस्तिकेत असते. आमच्या यंत्रावर नळ्या उलट जोडलेल्या होत्या.

डिगॅसर हा तिसरा संशयित, आणि पकडायला सर्वांत अवघड. यात द्रावक बारीक फ्लुओरोपॉलिमर नळीतून जातं आणि नळीभोवती निर्वात पोकळी असते. विरघळलेली हवा नळीच्या भिंतीतून बाहेर खेचली जाते. हवेबरोबर थोडी वाफही जाते, ती नगण्य. पण नळीला चीर गेली तर द्रव पोकळीत शिरतो, निर्वात पंप तो ओढतो आणि मागच्या बाजूने वाफ करून सोडून देतो. टेबल कोरडं, ट्रे कोरडा, कॅन हलका, आणि गळतीचा संवेदक गप्प. संवेदकाला थंड द्रवाचा स्पर्श लागतो, वाफेचं त्याला काही कळत नाही. इथे नाक आणि कान कामाला येतात. यंत्राच्या पाठीमागे गोडसर वास येतो का? निर्वात पंप एरवी थांबून थांबून चालतो, तो अखंड घरघरतोय का? आणि हमखास कसोटी विजेची. यंत्राचा पुरवठा पूर्ण तोडून दोन दिवस ठेवा. घट थांबली तर दोषी वीज खाणारा भाग आहे, म्हणजे डिगॅसर नाहीतर आपोआप जागा होणारा पंप. घट चालूच राहिली तर दोषी विजेवाचून काम करणारा आहे, म्हणजे उतार, वाफ किंवा सैल सांधा.

उरलेल्यांना थोडक्यात उरकते. पिस्टनचं सील झिजलं की मागून थेंब येतात. बफर असेल तर पांढरी खपली दिसते, नुसतं मिथेनॉल असेल तर काहीच दिसत नाही, कारण थेंब ट्रेपर्यंत पोचण्याआधी सुकतो. सील धुण्याच्या बाटलीची पातळी वाढताना दिसली तर मुख्य सील गेलं असं समजावं. सुई धुण्याची बाटली हिशेबात कुणी धरत नाही, पण तिचीही नळी वेस्टलाच जाते. आणि दाब-चाचणी पास झाली म्हणून निर्धास्त राहू नये. ती पंपाच्या पुढचा, जास्त दाबाचा भाग तपासते. बंद यंत्रातली घट बहुतेक वेळा पंपाच्या मागे, बाटलीच्या बाजूला असते, आणि तिथवर ती चाचणी पोचतच नाही.

मग शोधायचं कसं? माझ्याकडे दोन साधनं आहेत आणि दोन्हींना पैसे लागत नाहीत.

पहिलं साधन वजन. पाच किलो पेलणारा आणि ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा बहुतेक प्रयोगशाळांत असतो. सुटीआधी प्रत्येक बाटली आणि वेस्टचा कॅन झाकणासकट तोलायचा. त्यांच्यासोबत एक साक्षीदार बाटली ठेवायची: तीच बनावट, तेच द्रावक, तसंच झाकण, त्याच ट्रेवर, पण नळी यंत्राला न जोडता टोक बंद केलेली. सुटीनंतर सगळं पुन्हा तोलायचं. साक्षीदार बाटलीत जी घट होईल ती हवेची, तिच्यापलीकडची यंत्राची. मग बेरीज करा. बाटल्यांनी गमावलेलं कॅनने कमावलं असेल तर वाट उताराची आहे. एकीने गमावलेलं दुसरीने कमावलं असेल तर झडपांची. आणि कुणीच कमावलं नसेल, तर ते खोलीच्या हवेत आहे आणि डिगॅसरची पाठ हुंगायची वेळ आली आहे.

दुसरं साधन बुडबुडा. पंप थांबलेला असताना बाटलीतून नळी क्षणभर वर उचलायची, टोकाला छोटा बुडबुडा घ्यायचा आणि नळी परत बुडवायची. पर्ज व्हॉल्व उघडून पंप हळू चालवत तो बुडबुडा बाटली आणि डिगॅसरच्या मधल्या दिसत्या नळीत आणून पंप थांबवायचा, पर्ज व्हॉल्व पुन्हा घट्ट बंद करायचा आणि बुडबुड्याच्या कडेला शाईची खूण करायची. आता फक्त बघत राहायचं. दीड मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत बुडबुडा मिनिटाला एक सेंटिमीटर सरकला तर दिवसाला २५ मिलिलिटर वाहतायत. दहा मिनिटांत जे दिसतं ते रेघेवर दिसायला दिवस लागला असता. शिवाय तो दिशाही सांगतो. यंत्राकडे गेला तर कॅन पाहा, बाटलीकडे परतला तर शेजारची बाटली पाहा. आमच्या अ‍ॅसिटोनायट्राइलच्या नळीतला बुडबुडा दहा मिनिटांत पाच सेंटिमीटर मागे, बाटलीच्या दिशेने गेला. दिवसाचे सुमारे १३ मिलिलिटर. आठ दिवसांच्या १२० ला ते पुरेसं जुळत होतं. बुडबुडा डिगॅसरमध्ये जाऊ देऊ नये, तो तिथे नाहीसा होईल. आणि तपास झाल्यावर नळी भरून घ्यायला विसरू नये.

यावर कुणी म्हणेल, १२० मिलिलिटर बफरसाठी एवढा खटाटोप? खटाटोप दोन कारणांसाठी. एक म्हणजे या शहरात यंत्रं आपल्या मर्जीने थांबत नाहीत. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला आणि बडोदं ठप्प झालं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा प्रयोगशाळा अचानक बंद झाल्या, नळ्यांत बफर तसंच राहिलं. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री नदी शहरात शिरली आणि अनेक भागांत वीज दिवसेंदिवस नव्हती. अशा वेळी बाटल्या खाली उतरवायला, बफर काढून नळ्यांत पाणी आणि मग थोडं मिथेनॉल भरायला कुणी पोचत नाही. ज्या यंत्राच्या झडपा घट्ट आहेत हे आधी तपासलेलं असतं, ते असे दिवस निभावतं. पाण्याने भरलेल्या नळ्यांत काही दिवसांतच जिवाणू वाढतात, तो वेगळाच त्रास.

दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे. हरवलेलं द्रावक खरोखरच हवेत जात असेल, तर ती हवा कुणाची? सहा मीटर लांब, पाच रुंद, तीन उंच अशी खोली घ्या. अ‍ॅसिटोनायट्राइलसाठी अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने आठ तासांच्या कामाला सुचवलेली मर्यादा आहे दहा लाखात वीस भाग. त्या खोलीत तेवढं व्हायला तीन ग्रॅम, म्हणजे चार मिलिलिटरसुद्धा पुरतात. बाटलीचं तोंड एक दिवस उघडं राहिलं तरी झाले. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. धूळ येऊ नये म्हणून खिडक्या सिलिकॉनने बंद केलेल्या असतात. अ‍ॅसिटोनायट्राइलपासून शरीरात सायनाइड तयार होतं, आणि तेही सावकाश, तासांनी, त्यामुळे डोकेदुखी आणि मळमळ यांचा संबंध सकाळच्या वासाशी कुणी लावत नाही. रात्रपाळीला एकट्या बसलेल्या मुलीने "डोकं जड आहे" म्हटलं की चहा पी म्हणतात. म्हणून वरच्या हिशेबात जे चार-पाच मिलिलिटर नगण्य वाटले, तेच चार-पाच छातीत नगण्य नाहीत. बाटल्यांना नळीभोवती घट्ट बसणारी, हवा आत घेण्यापुरता छोटा फिल्टर असलेली झाकणं हवीत. वेस्टच्या कॅनला कोळशाचा फिल्टर हवा. फॉइल चालणार नाही. पण बाटली हवाबंद करणंही चुकीचं आहे, कारण मग पंप ओढतो तशी आत पोकळी होते आणि पंप उपाशी राहतो.

पैशाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी घेतला. २००८-०९ मध्ये जगभर अ‍ॅसिटोनायट्राइलचा दुष्काळ पडला होता. ते तेव्हा बहुतांशी मुद्दाम बनवलं जात नव्हतं, अ‍ॅक्रिलोनायट्राइल बनवताना सोबत निघायचं. मंदीत मोटारींचं प्लास्टिक आणि अ‍ॅक्रिलिकचा धागा यांची मागणी घटली, कारखाने मंदावले आणि जगभरच्या प्रयोगशाळा बाटलीसाठी ताटकळल्या. त्या वर्षी किती घटलं आणि का घटलं हे लोक ग्रॅमवर लिहू लागले होते. भाव उतरले आणि सवय सुटली.

माझी विनंती तपासणी करणाऱ्यांना आहे, आणि त्याहून जास्त तपासणीवर सही करणाऱ्यांना. "बाष्पीभवनामुळे घट" असं कुणी लिहून आणलं तर साक्षीदार बाटलीचं वजन मागा. ते नसेल तर तो निष्कर्ष नाही, अंदाज आहे, आणि तसंच लिहा. शेजारची बाटली वाढली का, हेही त्याच कागदावर येऊ द्या. आणि रोज ट्रे पुसणाऱ्या माणसाला एकदा विचारा.

आम्ही झडपांचा ठोकळा बदलला, बफरची नळी खालच्या तोंडाला लावली आणि दोन्ही बाटल्या नव्याने भरल्या. मी लॉगबुकातली ती ओळ एका रेघेने खोडली, शेजारी खरं कारण, तारीख आणि सही घातली. मग पंप थांबवून नळीत बुडबुडा सोडला, त्याच्या कडेला खूण केली आणि खुर्ची ओढून बसले. चाळीस मिनिटं तो खुणेवरून हलला नाही.